सनफील्डातली विहीर

माझं नाव संघर्ष. वडिलांनी मोठ्या हौसेने ठेवलं आणि मी ते जन्मभर इमानाने चालवतोय. रिक्षावाल्यापासून मेव्हण्यापर्यंत माझं कुणाशीही वाजतं. थोरली बहीण रूपाली, म्हणजे आमची आक्का, माझ्या अगदी उलट. तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. म्हणूनच ही हकीकत मी सांगतोय. तिने सांगितली तर ती सगळ्यांना समजून घेत बसेल, आणि मला इथे कुणालाही समजून घ्यायचं नाही.

आमचे वडील धोंडीराम इचलकरंजीत मागावर होते. लूमच्या खडखडाटात त्यांचे कान गेले, पण पोरांची शाळा बुडू दिली नाही. आक्का टायपिंग शिकली आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागली. पुढे कॉम्प्युटर आले, टाइपरायटर भंगारात निघाले, मालक कंटाळून घरी बसला. आक्काने त्याच खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढला. मी वायरमन, त्यामुळे वायरिंग माझ्याकडे आलं, आणि काही जळालं की शिव्याही माझ्याकडेच. तिने लग्न केलं नाही. त्यावरून पै-पाहुण्यांनी डोकं खाल्लं, तिने खाऊ दिलं.

दुपारी क्लास रिकामा असायचा. घराघरात इंटरनेट यायच्या आधीच आमच्या आक्काला सनफील्डाचं वेड लागलं. सनफील्ड म्हणजे अमेरिकेतल्या एका कंपनीने कॉम्प्युटरच्या आत वसवलेलं जग. आपण एक बाहुली घ्यायची, तिला नाव द्यायचं आणि त्या जगात हिंडायचं. बोलायचं ते टाइप करून. जमीन फुकट, आणि ठोकळ्याला ठोकळा जोडून त्यावर काय वाटेल ते बांधायचं. जिंकायचं नाही, हरायचं नाही. मला तो रिकामटेकडा उद्योग वाटायचा आणि मी तसं तोंडावर सांगायचो. ती हसायची आणि भिंत उचलायला घ्यायची.

तिथे हळूहळू मराठी माणसं जमली, त्यात आपल्या भागातली जास्त. कोल्हापुरातून गेलेली कुणी पुण्यात, कुणी दुबईत. त्यांनी एका कोपऱ्यात वस्ती केली आणि तिला नवी पेठ म्हणायला लागले. कुणी तालीम बांधली, कुणी मिसळीचं दुकान टाकलं. धैर्यशील नावाच्या माणसाने पेठेच्या तोंडाशी मोठी कमान उभी केली. तो शिरोळकडचा, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं त्याचं, आणि पेठेचा कारभारी असल्यासारखा वागायचा. त्याचं आडनाव मी मुद्दाम सांगत नाही. आडनावावरून माणूस जोखायची खोड त्याची, माझी नव्हे.

आक्काने विहीर बांधली. चारी बाजूंनी पायऱ्या उतरणारी, कुणीही कुठूनही खाली जावं अशी. त्यामागे आमची आई होती. आई, यल्लव्वा, सीमेलगतच्या गावात वाढलेली. लहानपणी ती रिकामी घागर घेऊन गावच्या विहिरीपासून लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा, नाही आली तर उन्हात उभं राहायचं. हे ती आम्हाला रडत सांगायची नाही, भाजी निवडता निवडता सांगायची. मला त्या गावाचा अजून संताप येतो. आक्काला संताप आला नाही, तिने विहीर बांधली. एक दिवस आई क्लासवर आली होती, तेव्हा आक्काने तिला पडद्यावर ती दाखवली. आईने नीट निरखून पाहिलं.

“हितं कुणी बी उतरून पाणी भरतंय?” तिने विचारलं.

“कुणी बी,” आक्का म्हणाली.

त्यानंतर आई दर आठवड्याला विहिरीची खुशाली विचारायची. कोरडी तर पडली नाही ना, असंही विचारायची.

तर ती विहीर म्हणजे पेठेचं नाक झालं. गप्पा मारायच्या त्या विहिरीच्या पायऱ्यांवर. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची नोकरी गेली, कुणाला पोरगं झालं, सगळं तिथे. आक्का तिथे सगळ्यांची रूपाताई. आडनावं कुणी लावत नव्हतं, कुणी विचारतही नव्हतं. कोल्हापुरात रिक्षात बसलं तरी दुसऱ्या मिनिटाला ‘पावणं, कुठलं? आडनाव काय?’ सुरू होतं. इथे पाच वर्षं ते कुणाच्या तोंडी आलं नाही. मला त्याचं नवल वाटायचं. आक्का म्हणायची, माणसं मुळात चांगलीच असतात.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात कंपनीने जाहीर केलं की सनफील्ड बंद होणार आणि त्याच्या जागी सनफील्ड टू येणार. पाणी खऱ्यासारखं हलेल, बाहुल्यांना खरे चेहरे मिळतील, सगळं कसं झकास होईल. मात्र जुन्यातलं काही नव्यात येणार नाही. सगळ्यांनी नव्याने सुरुवात करायची. आणि हे सांगताना आनंदाची बातमी म्हणून सांगितलं होतं, वर हसऱ्या सूर्याचं चित्र.

मग जो भडका उडाला तो बघण्यासारखा होता. एक ब्राझीलवाला स्वतःच्याच घराला आग लावायला निघाला. पण सनफील्डात आग नव्हती, म्हणून त्याने घर नुसतं लाल रंगवलं. कुणी जर्मन बाई रोज कंपनीला निरोपाच्या कविता पाठवायची. काहीजण मात्र नव्या जगाचे फोटो बघून पाघळले आणि जुन्याला नावं ठेवायला लागले. त्यांचा मला जास्त राग आला. काल ज्या अंगणात नाचलात तेच आज तुम्हाला खुराडं वाटतं?

आपली पेठ तर पेटलीच. ठरलं की कंपनीच्या सभागृहासमोर जोडे मारो आंदोलन करायचं. आक्काने एका दुपारी बसून कोल्हापुरी चपलांचे जोड बनवले, सगळ्यांना पुरतील इतके. हसऱ्या सूर्याचा पुतळा उभा केला. ऐनवेळी लक्षात आलं की बाहुल्यांना मारता येतच नाही; फक्त नमस्कार करता येतो आणि नाचता येतं. मग ही सगळी मंडळी हातात चपला धरून पुतळ्याभोवती नाचली. परदेशी लोकांना वाटलं आमचा सण आहे, तेही नाचायला आले. मी आक्काच्या मागे उभा राहून बघत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते जग आवडलं.

एवढा बोभाटा झाल्यावर कंपनी थोडी नमली. प्रत्येक वस्तीला एक बांधकाम नव्या जगात नेता येईल, असं तिने कळवलं. मात्र दोन अटी होत्या. नव्या जगात खोटी नावं चालणार नाहीत, प्रत्येकाने खरं पूर्ण नाव नोंदवायचं. आणि नेलेल्या बांधकामावर ते बांधणाऱ्याच्या पूर्ण नावाची पाटी लागेल, ती कायमची.

पेठेने एका दमात ठरवलं की विहीर न्यायची. धैर्यशीलनेच आधी सुचवलं. कमान काय, तिकडे दुसरी बांधू, म्हणाला. आक्का त्या दिवशी घरी येताना आईसाठी जिलेबी घेऊन आली. आईला सगळं कळलं नाही, पण विहीर मोडणार नाही एवढं कळलं. ती खूश झाली.

मग नावनोंदणी सुरू झाली. नोंदणी केली की बाहुलीच्या डोक्यावर खरं नाव दिसायचं. पहिल्यांदा पेठेत मोठी धमाल उडाली. अहो, तुम्ही अमक्यांचे का, मग आमच्या मामांच्या सोयऱ्यातले की, असं जो तो शोधत सुटला. दोघांची तर चुलत नाती निघाली. एकाने आपल्या पुतणीचं स्थळही सुचवलं. पायऱ्यांवर रोज पाहुण्यांचा बाजार. आक्काच्या क्लासमध्ये परीक्षा होत्या, त्यामुळे तिची नोंदणी मागे राहिली. परीक्षा संपल्या तशी तिने नाव घातलं: रूपाली धोंडीराम कांबळे.

कुणी काही बोललं नाही. हे मी शपथेवर सांगतो, एका माणसानेही वावगा शब्द टाइप केला नाही. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, शिवीला उत्तर माझ्याकडे तयार असतं. ‘बरं बरं’ असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने हवापाण्याची चौकशी केली. स्थळ सुचवणारा त्या दिवसापासून पायऱ्यांवर दिसेना. अनुजा म्हणून एक बाई होती, पुण्याची, आक्काशी रोज स्वयंपाकाच्या गप्पा मारायची. तिला अचानक फार काम लागलं. आक्का मला म्हणाली की सुट्ट्या संपल्या, लोक कामात असतील. एवढ्या शिकलेल्या बाईला एवढं कळू नये याचा मला राग आला. तिला कळत होतं. ती पाच वर्षांना संधी देत होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मग धैर्यशीलचा निरोप आला, सगळ्यांसमोर नव्हे, तिला एकटीला. मी तो वाचलाय. त्याने लिहिलं होतं की पेठेतल्या काही जणांचं थोडं वेगळं मत पडतंय. विहीर सगळ्यांना हवीच आहे, तिच्याबद्दल वादच नाही. प्रश्न फक्त पाटीचा आहे. मध्यावर, सगळे बसतात तिथे, कायमची पाटी. तेव्हा ताईंनी विहीर त्याच्या नावावर करून द्यावी. तशी सोय सनफील्डात होती, एक बटण दाबलं की मालकी बदलायची. विहीर जशीच्या तशी येईल आणि कुणाचं मन दुखावणार नाही. शेवटी लिहिलं होतं, ‘तुमच्या भल्यासाठीच सांगतोय.’

माझं डोकं फिरलं. मी गाडी काढून शिरोळला निघालोच होतो. आक्काने किल्ली काढून घेतली. माझ्या आईला लांब उभं करणाऱ्या त्या गावाने निदान विहीर तरी स्वतः खणली होती. ह्यांना आमच्या हाताने बांधलेली विहीर पाहिजे, तिच्यावर बसायला पाहिजे, आणि वर नाव पाहिजे स्वतःचं. मी हे सगळं ओरडून बोललो. आक्का म्हणाली, क्लासची पोरं यायची वेळ झालीय, हळू बोल.

तिने उत्तर पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि विहीर काढून टाकली. जशी बांधली होती तशीच काढली, वरून खाली, एकेक ठोकळा, एकेक पायरी. एका बटणात सगळं गेलं असतं. मी विचारलं, तर म्हणाली की बांधताना घाई केली नव्हती. शेवटी तिथे सपाट हिरवी जमीन राहिली.

संध्याकाळपर्यंत पेठेत बोंबाबोंब झाली. ‘आमची विहीर’ कुठे गेली म्हणून लोक कंपनीवर तुटून पडले. आमची! पाच वर्षांत ह्यातल्या एकाने तिला एक ठोकळा लावला नव्हता. आक्काने शांतपणे लिहिलं की विहीर मी काढली, माझी होती. मग राग तिच्याकडे वळला. एवढी वर्षं आपलं मानलं आणि ऐनवेळी दगा दिला. हट्टीपणा. सामाजिक भान नाही. अनुजाबाईंचं काम एकदम संपलं आणि त्यांनी लांबलचक निषेध लिहिला. आडनावाचा उल्लेख त्यातही कुठे नव्हता, सगळे सभ्य लोक.

कंपनीची मुदत शनिवारपर्यंत होती. गुरुवारी दुपारी धैर्यशील स्वतः क्लासवर आला. पाच वर्षांत पहिल्यांदाच समोरासमोर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तोंडभर हसू. मी एक प्लग दुरुस्त करत होतो, हातात पक्कड होती, आणि ती हातातच राहू दिली. आक्काने त्याला खुर्ची दिली, पाण्याचा तांब्या आणि फुलपात्र पुढे केलं. तो घटाघटा प्याला, आणखी मागून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला की आपण असलं काही पाळत नाही, दुकानात तुमच्यातली दोन पोरं कामाला आहेत, एकत्र डबा खातो. हे त्याला कुणीही विचारलं नव्हतं.

मग मुद्द्यावर आला. लोक फार चिडलेत. विहिरीशिवाय पेठेला अर्थ नाही. अजून दोन दिवस आहेत, ताईंनी मनावर घेतलं तर पुन्हा उभी राहील. पाटीचं आपण नंतर बघू.

आक्काने सगळं ऐकून घेतलं.

“पाणी प्यालासा, बरं वाटलं,” ती म्हणाली. “आता ज्याचं प्यालासा त्याचं पूर्ण नाव घ्या. येवढंच करा. आत्ता बसते आनि सांच्याला विहीर उभी करते. पाटी बी तुमच्या नावाची लावा.”

तो हसला. त्याला ते फारच स्वस्तात पडल्यासारखं वाटलं असावं.

“रूपाताई,” तो म्हणाला.

“फुडं?”

त्याने फुलपात्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पक्कड खाली ठेवली; त्याने मला घाबरून नाव घ्यावं, असं मला नको होतं. त्याचे ओठ हलले. आक्का वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि मला तेव्हा कळलं की ती खरोखर वाट बघतेय, अजूनही.

“आता ते कशाला, ताई,” तो म्हणाला, आणि उठला.

तीन अक्षरांचं आडनाव आहे आमचं. तो जिना उतरून गेला, गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. गाडी गल्ली सोडेपर्यंत आक्काने तो ऐकला आणि मग कॉम्प्युटर बंद केला.