गोधड्या भिंतीवर चढल्या

चित्रानं भिंतीवर मिरवायचं आणि गोधडीनं खाटेवर लोळायचं, हे ज्यानं कुणी ठरवलं, त्यानं आमच्या आज्यांची कला चक्क अंगाखाली घातली! मला तो माणूस भेटायलाच हवा होता. त्याच्याशी भांडायचं म्हणूनच तर आम्ही प्रदर्शन भरवलं. तो काही आला नाही, पण तीन दिवसांत किस्से मात्र इतके साठले की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही म्हणजे नवी मुंबईत, सीवूड्सच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी गोधड्या शिवणाऱ्या सहा बायका. त्यांत मी सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत उतावळी.

*

सगळ्यांत देखणी गोधडी शेजारच्या करावे गावच्या सुमनताईंची. नाव ‘खाडी’. नवऱ्याच्या जुन्या लुंग्या आणि शर्ट कापून त्यांनी अख्खी खाडी शिवली होती. निळं, करडं, चिखलाचं तपकिरी... बघतच राहावं!

पण त्यांचे यजमान जनार्दनदादा, जन्मभर खाडीत मासेमारी केलेला माणूस, घरी म्हणाले होते, “अंगावर घ्यायची वस्तू भिंतीवर टांगून काय व्हनार?”

ताईंनी मला बजावलं, “ते येतील. हसले, तर ही घरी नेऊन खाटेवर टाकनार. परत सुई हातात घेनार नाय.”

“अहो ताई, ही कला आहे!”

“कला तुझी गं. घर माझं हाय.”

*

पहिल्याच दिवशी मी जागोजागी ‘हात लावू नये’ असे बोर्ड लावले. दहा मिनिटांत साताऱ्याकडच्या एक मावशी आल्या आणि त्यांनी सरळ गोधडी उलटी केली.

“मावशी, बोर्ड वाचला ना?”

“वाचला की. पण पाठ बघितल्याबिगर गोधडी कळती व्हय? पुढनं काय, समद्याच चांगल्या दिसत्यात!”

संध्याकाळी मी बोर्ड बदलला : ‘हात धुऊन पाठ बघावी.’

*

आमच्या सहा जणींतल्या कुसुमकाकूंना विचारलं, “काकू, तुमच्या गोधड्यांना शीर्षकं काय देऊ?”

“ही मोठी.”

“आणि ती?”

“ती त्याहून मोठी.”

वेळ नव्हता, तशीच कार्डं लावली. दुपारी महापेच्या आयटी कंपनीतला एक तरुण ‘त्याहून मोठी’समोर हरवूनच गेला. “हा कोपऱ्यातला एकच लाल तुकडा... माणसाचं एकटेपण ना?”

काकू म्हणाल्या, “नाही रे बाबा. तिथं हिरवं कापड संपलं.”

“तेच! तेच तर म्हणतोय मी!”

काकूंनी त्याला घरून आणलेला लाडू दिला. म्हणाल्या, “उपाशी दिसतोय बिचारा.”

*

दोन दिवस सुमनताईंची नजर दारावर. तिसऱ्या दिवशी, तासभर उरला असताना, जनार्दनदादा आले. चपला बाहेर काढल्या आणि ‘खाडी’समोर जाऊन उभे राहिले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. हसले नाहीत, नुसती मान तिरकी करून बघत राहिले. ताईंनी माझं मनगट आवळून धरलं होतं.

आणि दादा वळले, चपला घातल्या नि चालते झाले!

“गेले,” ताई म्हणाल्या. “आवडली नाय. स्टूल आन. उतरवू.”

“अहो, थांबा ना थोडं!”

पण त्या स्टूलवर चढल्यासुद्धा. पहिली गाठ सुटलीही. तेवढ्यात दारात गलका. दादा परत आले होते, करावेच्या जेट्टीवरच्या चार मच्छीमारांना घेऊन!

“बगा. बोललो ना, आपलाच कोपरा हाय!”

“भरती दावलीय.”

“येडा झालास? ओहोटी हाय ही. चिखल बग की!”

अख्खा हॉल गोळा झाला. त्यांच्यातला सगळ्यांत म्हातारा पुढे आला. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, नाक निळ्या कापडाला जवळजवळ टेकवलं आणि एका जागी बोट ठेवलं. मग वर, स्टूलवर सुटी दोरी धरून उभ्या असलेल्या ताईंकडे बघत म्हणाला,

“सुमन, हितं पान्याखाली खडक हाय. एक काला टाका मार, नायतर कुनाचं तरी जालं फाटल!”