चौघी नागपूरकरणी आणि खारं पाणी

सदरला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. माप द्यायला आलेल्या बाया हल्ली टेप दिसला तरी हात वर करत नाहीत. "आधी बेटावरचं काही सांगा ना!" म्हणतात. एक किस्सा सांगितला की त्याला धरून दुसरा येतो, बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत राहतो आणि माप राहूनच जातं!

आम्ही चौघी सकाळच्या स्विमिंग बॅचच्या, सगळ्या पन्नाशीपलीकडच्या. मी, जरीपटक्यात चादरींचं दुकान चालवणारी कविता, भूगोल शिकवून रिटायर झालेल्या नलिनी मॅडम आणि भिवापूरला मिरचीची शेती असलेल्या सुषमाताई. कोचनं आम्हाला तलावावर कयाक शिकवली. कयाक म्हणजे एका-दोघांची निमुळती होडी. पाय लांब करून बसायचं आणि वल्हं मारायचं. तिथूनच डोक्यात अंदमान शिरलं. टूरवाल्यांचं पॅकेज झेपणारं नव्हतं. म्हणून तंबू घेतले, डाळ-तांदूळ बांधले, चेन्नईपर्यंत ट्रेन, पुढं तीन दिवस जहाज, मग लहान बोट. शेवटी असं बेट, की जिथं साधी टपरीसुद्धा नाही!

दर हिवाळ्यात जातो. आणि दर वेळी काहीतरी असं होतं, की आमचा आ वासलेलाच राहतो.

*

पहिल्याच वर्षी तंबू कुठं ठोकायचा ते नलिनी मॅडमनी ठरवलं. तीस वर्षं भूगोल शिकवलेला, मग आम्ही कशाला बोलतो? छान सपाट वाळू, पाणी चांगलं लांब. आम्ही जंगलात लाकडं वेचायला गेलो. परत येऊन बघतो तर तंबूत गुडघाभर समुद्र! माझी उशी तरंगत होती आणि कविताची एक चप्पल आपल्या मार्गानं निघाली होती.

"मॅडम!" कविता ओरडली, "भरती-ओहोटी आपही पढाते थे ना?"

मॅडम पाण्यात उभ्या. चेहरा पांढराफटक.

"शिकवत होते गं," त्या म्हणाल्या. "पण ती खरंच येते, हे कुठं माहीत होतं!"

*

कविताला शिंपल्यांचा भारी सोस. दुपारी वाळूवर फिरून सुंदर, नक्षीदार असे सात-आठ शंख तिनं स्टीलच्या डब्यात भरले. वर झाकण ठेवलं आणि आमच्यासोबत जेवायला बसली. दोन घास झाले नाहीत तोच डबा सरकला. आम्ही घास हातात धरून बघत राहिलो. डबा पुन्हा सरकला. आतून खरखर, खरखर!

"सुषमाताई," कविता पुटपुटली, "मेरा डब्बा चल रहा है!"

आमचा गाइड डेव्हिड, तिथलाच चाळिशीचा माणूस. त्यानं शांतपणे झाकण उघडलं. प्रत्येक शंखाला पाय फुटलेले! कविता किंचाळून माझ्या मांडीवर.

"दीदी, ये शंख नहीं, केकड़े का घर है," डेव्हिड म्हणाला. "आप किरायेदार समेत उठा लाए!"

*

या डेव्हिडला तिखटाची मोठी घमेंड. "हमारे जंगल की मिर्ची खाओ, रो दोगे," असं रोज ऐकवायचा. सुषमाताई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरच्या भिवापुरी मिरचीचा ठेचा केला आणि भाताशेजारी चांगला चमचाभर वाढला.

त्यानं तो एका घासात उचलला. मग ताट खाली ठेवलं, उठला आणि कपड्यांनिशी सरळ समुद्रात चालत गेला. घोटे, गुडघे, कंबर, गळा! आम्हाला वाटलं, गेला आता हा. तो गळ्याएवढ्या पाण्यात तोंड उघडं ठेवून नुसता उभा.

सुषमाताईंनी काठावरून हाक मारली, "अजून वाढू का गा?"

*

आता माझी फजिती. खारफुटीच्या झाडांमधून एक अरुंद खाडी आत जाते. भर दुपार, पाणी चहासारखं तपकिरी. माझी कयाक एका ओंडक्यापाशी अडकली, म्हणून मी त्याला वल्ह्यानं ढकललं. हलेना. पुन्हा ढकललं.

मागून डेव्हिड अगदी हळू आवाजात म्हणाला, "दीदी, लकड़ी को मत छेड़ो. लकड़ी आपको देख रही है."

मी पाहिलं. ओंडक्याला डोळा होता!

तोंडातून काय निघावं? "सॉरी दादा!" मगरीला! यायला मला अर्धा तास लागला होता. जायला किती लागला ते आठवतच नाही. कविताचं म्हणणं, की मी वल्हं मारलंच नाही, कयाक स्वतःच पळाली!

*

बेटावर मोबाइलला रेंज फक्त एका खडकावर, तिथंही वल्हं मारत जावं लागतं. नलिनी मॅडम मुलाला फोन करायला तासभर हात मोडून तिथं पोचल्या, मागून आम्ही. खडकावर चढताच फोन वाजला. आम्ही घाबरलो, घरी काही बरंवाईट तर नाही?

"मॅडम, पार्सल आहे. घरी आहात का?"

"थांबा हं," मॅडम घाईघाईनं म्हणाल्या, "आलेच!"

*

गेल्या वर्षी सुषमाताईंचे यजमान भाऊरावही आले. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण हा माणूस कधी घोट्याच्या वर पाण्यात उतरला नाही. ताई पोहायला लागल्या तेव्हा महिनाभर अबोला धरलेला. आणि अचानक म्हणाले, "मीबी येतो." बेटावर दिवसभर झाडाखाली बसायचे आणि ताईंच्या कयाकवरची नजर हलवायचे नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रवाळाच्या कडेला लाट फुटली आणि ताईंची कयाक उलटली. तिचं पिवळं पोट तेवढं वर दिसत होतं. ताई नाहीत! उकडतं म्हणून लाइफ जॅकेट त्यांनी काठावरच काढून ठेवलेलं. डेव्हिड कवितासोबत पार दुसऱ्या टोकाला. नलिनी मॅडम किंचाळत होत्या. मी कमरेएवढ्या पाण्यात शिरले, पण पुढं जायची हिंमत होईना.

तेवढ्यात माझ्या बाजूनं कोणीतरी सपकन पुढं गेलं. भाऊराव! आमच्या बॅचमध्ये असे हात कोणालाच मारता येत नाहीत. कयाकपाशी जाऊन त्यांनी बुडी मारली. रिकामे वर आले. पुन्हा मारली. किती वेळ गेला देव जाणे. मग वर आले ते ताईंना घेऊनच. ताईंच्या पायात कयाकची दोरी अडकली होती.

वाळूवर ताईंनी पाणी ओकलं, खोकल्या, डोळे उघडले. पहिलं वाक्य काय?

"तुमाले पोयता येते?"

"येते."

"एकतीस वर्सं झाले! मले सांगतलं काहून नाही?"

भाऊरावांनी ताईंचं मनगट अजून गच्च धरलेलं. डेव्हिड धापा टाकत आला, नाडी बघायला हात मागू लागला, तरी सोडेनात. त्या मनगटाकडं बघतच ते म्हणाले,

"या टायमाले नाही सुटला हात."

डेव्हिडनं पुढं केलेला हात मागं घेतला.

"या टायमाले म्हंजे?" ताईंनी विचारलं.

भाऊराव उठले. शर्टाचं टोक पिळलं, चुलीपाशी गेले आणि आमच्याकडं पाठ करून भांडं ठेवलं.

"चाय कोनाकोनाले पायजे?"