लाल दोऱ्याचा भोपळा

आमच्या थोरल्या जाऊबाईंना घरात ‘काळजीवाहू सरकार’ म्हणतात. नाव मीच ठेवलं. गॅस तीनदा बघणार, कुलूप ओढून बघणार, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येणार आणि पुन्हा ओढणार. बत्तीस वर्षं त्यांनी औषधाच्या दुकानात काउंटरवर काढली. पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्याच्या हातात भलत्याच गोळ्या दिल्या. लक्षात आलं तशा तीरासारख्या धावत सुटल्या, तेव्हा तो बस थांब्यावर बसून पाकीट फोडत होता. गोळ्या परत मिळाल्या, पण बाई त्या दिवशी जी घाबरली ती घाबरलीच. मी आपली चेष्टा करायचे. आता करत नाही.

एकाच आवारात आमची दोन घरं. खाली आम्ही, वर वहिनी, म्हणजे याच जाऊबाई, आणि माझे मोठे दीर. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. घड्याळं दुरुस्त करायचे, नजर गेली तसं सोडलं. मागच्या बाजूला चार वाफे आहेत, ते वहिनींचे. वाफ्यांत बाकी काही असो नसो, भोपळा असणारच. गडद हिरवा, उभ्या धारांचा, साल दगडासारखी आणि आत हळदीसारखा पिवळा. गोड तर इतका की साखर लाजेल. ही जात त्यांनी वीस वर्षं सांभाळली होती.

सांभाळली म्हणजे काय, ते बघायला हवं. फळ काढायचं ते वीतभर दांडा ठेवून. उचलायचं ते बुडाखाली हात घालून, दांड्याला धरलं की ओरडा बसलाच. मग दहा दिवस ऊन. सालीत नख घालून बघायचं, शिरलं तर अजून दोन दिवस. मग जिन्याखालच्या फळीवर वर्तमानपत्र घालून मांडायचे, एकाला दुसरा टेकता कामा नये. आठवड्यातून एकदा प्रत्येक भोपळा उलटून, पुसून, बुडाला मऊ पडलाय का ते दाबून बघायचं. माझ्या पोरांच्या कानांची मी कधी एवढी तपासणी केली नाही.

आणि बियांचं तर विचारूच नका. कुंपणापलीकडच्या शिक्षिकाबाईंना शोभेच्या भोपळ्यांचा नाद. पिवळे, हिरवे, अंगावर गाठी असलेले, नुसते टोपलीत मांडून ठेवायचे. ते खायचे नसतात, कडू जहर असतात. मधमाशीला कुंपण कळत नाही, म्हणून वहिनी संध्याकाळी बॅटरी घेऊन उद्या उमलणारी कळी शोधायच्या. मागे इवलंसं फळ असलेली ती मादी, नुसत्या देठाची तो नर. दोघांची तोंडं दोऱ्याने बांधायची. सकाळी सातच्या आत नर तोडून मादीवर फिरवायचा, मादीचं तोंड पुन्हा बंद करायचं आणि त्या फळाच्या देठाला लाल दोरा. बी धरायचं ते फक्त लाल दोऱ्याच्या फळातलं. “फळ आईवर जातं गं,” त्या म्हणायच्या, “बापाची खोड बियांत लपते. ती पुढच्या साली बाहेर येते.”

गेल्या वर्षी नेमका ऐन फुलांच्या दिवसांत अण्णांच्या घशाचा आजार निघाला. दुसऱ्या गावी सात आठवडे रेडिएशन. जाताना वहिनींनी दोऱ्याचं रीळ माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, वहिनी, निर्धास्त जा.

मी पहिल्या आठवड्यात दोनदा बांधलं. एकदा नर सापडला नाही, एकदा मादी रात्रीत गळून पडली. पुढे धाकट्याची परीक्षा आली, मला ताप आला, आणि खरं सांगायचं तर सकाळी सातला बागेत जायचा मला कंटाळा. एका दिवशी वहिनींचा फोन आला. मागे यंत्राची घरघर ऐकू येत होती. “बांधलंस ना?” मी म्हटलं, “बांधलं.” फोन ठेवला, बाहेर गेले, आपोआप धरलेली तीन चांगली फळं बघितली आणि त्यांच्या देठांना लाल दोरा बांधून आले. मनात म्हटलं, भोपळा तो भोपळा. कोण बघतंय!

ती तिन्ही फळं गोडच निघाली. अण्णा बरे होऊन परत आले होते, सगळ्यांनी खाल्ली, माझी तारीफ झाली. वहिनींनी बिया धुतल्या, वाळवल्या, डबीत भरल्या. या वर्षी पेरल्या त्या त्याच.

फळीवरचे जुने संपले, तेव्हा या वर्षीचा पहिला भोपळा त्यांनी परवा कापला. अण्णांना अकराच्या गोळ्यांबरोबर भोपळ्याचं मऊ घोटलेलं सूप देतात. ते वेगळ्या भांड्यात शिजतं आणि त्यात वहिनी कधी उष्टा चमचा घालत नाहीत. डॉक्टर जंतूंबद्दल काय बोलून गेले कोण जाणे, तेव्हापासून त्यांनी अण्णांचं काही चाखलेलं नाही. मीठ मापाने. स्वतःचं जेवण उरलेल्या फोडींना फोडणी देऊन एक वाजता.

एक वाजून पाच मिनिटांनी त्या जिना उतरून आल्या. हातात वाटी. ओठ पुसत होत्या.

“हे चाख. गिळू नकोस, थुंक.”

मी जिभेच्या टोकाला लावलं. तोंडभर असं कडूशार पसरलं की डोळ्यांतून पाणी आलं. बेसिनवर तीन चुळा भरल्या तरी जाईना. आणि चूळ भरता भरता मला कुंपणापलीकडचे ते गाठीगाठींचे भोपळे आठवले.

“अण्णांनी खाल्लं?” मी विचारलं.

“दोन वाट्या. म्हणाले, आज फार गोड झालंय.”

आम्ही वर पळालो. अण्णा न्हाणीघरात होते. ओकारीचा आवाज जिन्यातच ऐकू आला. पोट धरून बसले होते, रंग कागदासारखा, कपाळावर घाम. आजारानंतर आधीच अंगावर हाडं राहिलेली. मी नुसती “अरे देवा, अरे देवा” करत दारात उभी. आणि ज्या बाईला मी जन्मभर भित्री म्हटलं, तिने घड्याळ बघून वेळ लिहिली, उरलेलं सूप बरणीत भरलं, चिरलेली फोड पिशवीत घातली, फाइल काढली आणि मला म्हणाली, “रिक्षा थांबव. दारात उभी राहू नकोस.”

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. वहिनींनी सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं, दोन वाट्या, वजन अठ्ठेचाळीस. डॉक्टरांनी बरणी हुंगली, अण्णांच्या हाताला सलाईन लावलं आणि विचारलं, “आजोबा, एवढं कडू लागलं नाही?”

अण्णांनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाले, “मला काहीच लागत नाही. घशाला शेक दिले तेव्हापासून.”

वहिनी म्हणाल्या, “आणि रोज सांगता ते? काल म्हणालात मीठ जरा जास्त झालं. मी आज अर्धा चमचा कमी घातलं.”

“मधूनमधून तक्रार केली नाही तर तुला संशय आला असता. तू घाबरली असतीस.”

त्यांना आत नेलं. रक्तदाब खाली गेला होता, मूत्रपिंडावर ताण येईल म्हणाले. आम्ही बाहेरच्या बाकावर. दार उघडलं की मी उठायचे, बंद झालं की बसायचे. एकदा एक माणूस धावत आत गेला, मागून दुसरा. मला वाटलं, संपलं. मी या हातांनी माणूस मारला. वहिनी शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून बसलेल्या, आणि मला एकच भीती खात होती की अण्णा जायच्या आत मी सांगितलं नाही तर पुढे कधीच सांगता येणार नाही.

मी नवऱ्याला फोन करून पोरांकडे बघायला सांगितलं आणि टॉवेल, कपडे, अण्णांच्या रोजच्या गोळ्या आणायला घरी जाऊन आले. परत येईपर्यंत पाच वाजले होते. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, दाब सावरतोय, रात्र इथेच काढू द्या, पण धोका टळला असं समजा. वहिनींनी हात जोडले. मग मी सांगितलं. परीक्षा, ताप, कंटाळा, फोन, तीन दोरे, सगळं. रडले नाही. रडायचा मला हक्क नव्हता.

त्या ओरडतील असं वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “कोवळं फळ कापून देठाशी चाखलं तर लगेच कळतं. दर साली मी चाखते. यंदा म्हटलं, दोरे तू बांधलेयस, कशाला चाखायचं.”

“वहिनी, चुकलं माझं.”

“हो,” त्या म्हणाल्या.

नर्स दारात आली. पेशंटच्या रोजच्या गोळ्या द्या म्हणाली. मी पिशवी पुढे केली. वहिनींनी ती मांडीवर घेतली, चष्मा लावला आणि मी भरलेली एकेक पट्टी बाहेर काढून नाव आणि तारीख वाचायला लागल्या. नर्स थांबली होती, मीही थांबले.