परंड्याचा बैल, पुण्याचं यंत्र

पुण्याहून निघालो तेव्हा माझ्या पिशवीत अख्खी मानवजात होती. म्हणजे लॅपटॉप होता आणि त्यात आमचं न्यूरल नेटवर्क, माणसासारखा विचार करायला शिकवलेलं यंत्र. पोसलं होतं कचेरीतल्या आम्हा बारा जणांच्या उत्तरांवर. पण साहेबांचं मत ठाम, की पृथ्वीवरचा कुठलाही माणूस असाच विचार करतो. परंड्यात चाळीस जणांना तेच प्रश्न विचारून उत्तरं जुळतात हे मला दाखवायचं होतं. जुळली तर माझा करार वाढणार, नाही तर नमस्कार.

धाराशिवला उतरून आधी गुलाबजाम खाल्ले. किती ते सांगत नाही. दुकानदारानं मध्येच खव्याला माणूस पिटाळला, एवढंच. पुढे एसटीनं असे हादरे दिले, की परंडा येईपर्यंत यंत्राचं निम्मं शिक्षण सांडलं असावं.

किल्ल्याजवळ बशीरचाचांचं चहाचं हॉटेल. सुरुवात त्यांच्यापासूनच केली. तीन चित्रं पुढे ठेवली: बैल, कोंबडी आणि कडबा (ज्वारीची वाळलेली ताटं, जनावरांची वैरण).

"चाचा, यातली जोडी लावा."

यंत्राचं उत्तर तयार होतं: बैल आणि कोंबडी, कारण दोन्ही प्राणी. चाचांनी चष्मा चढवला.

"बैल कुणाचा हाय?"

"कुणाचाच नाही. चित्रातला आहे."

"म्हंजी मोकाट! मग त्याला फुकट कडबा कोन घालणार? मालक सांगा, मंग जोडी लावतो."

चाचांकडे दूध घालणाऱ्या सुलोचनाकाकू कॅन खाली ठेवून वाकल्या. "अवं चाचा, कोंबडीला त्याच्याजवळ सोडू नका. चेचंल की पायाखाली! बैल-कडबाच सांगा."

दहा मिनिटांत अर्धा परंडा तिथं. बैल खिलार की देवणी, यावरून दोन गट पडले. एकानं तर चित्रातल्या बैलाचे दात बघायला मागितले.

"मंडळी, एकेकट्यानं सांगायचं! दुसऱ्याला विचारायचं नाही!" मी ओरडलो.

"का हो साहेब?" काकू म्हणाल्या. "च्यार माणसं बसल्याली असताना एकट्यानं कशाला डोकं शिणवायचं? आमच्यात तसं न्हाय करत."

शेवटी एकेकाला किल्ल्याच्या तटाआड नेलं. पहिल्यानं बाहेर येऊन उत्तर जाहीर केलं. दुसरा आत येताच म्हणाला, "आमचं ठरलंय. बैल-कडबा." असे एकोणचाळीस झाले. चाळिसावे दत्तूअण्णा. ते म्हणाले, "बैल आन कोंबडी!" मी आनंदानं तटाएवढी उडी मारली.

"अण्णा, दोन्ही प्राणी म्हणून ना?"

"प्राणी गेले खड्ड्यात. आमच्या थोरल्या भावानं कडबा सांगितला न्हवं? दोन वर्सं झाली, बांधावरनं बोलत न्हाय आमी. त्यो पूर्व म्हनला की आमची पश्चिम."

दुपारी काकूंनी घरी नेऊन शेंगोळी (हुलग्याच्या पिठाचे वळून आमटीत शिजवलेले तुकडे) वाढली. पहिल्या घासाला माझ्या कानांतून वाफ निघाली, ती शेजारच्या आळीत दिसली म्हणतात.

"तुमच्या यंत्राला शिकीवलं कुणी?" काकूंनी विचारलं.

"आम्ही बारा जणांनी. कचेरीतच."

"तुमच्यातल्या कुणी बैल पाळलाय?"

मी पाणी मागितलं.

सोमवारी पुण्यात, ती चाळीस उत्तरं पोटात गेलेलं यंत्र साहेबांपुढे ठेवलं. पडद्यावर आलं: बैल आणि कडबा. साहेबांच्या कपाळावर आठी आली.

"ही माणसं स्वतंत्र विचारच करत नाहीत," ते म्हणाले. "एकमेकांचं बघून उत्तरं देतात. त्यांची उत्तरं काढून टाकू. कुणाला वेगळं वाटतं?"

आम्ही बारा जणांनी आधी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं, मग एकमेकांच्या. आणि एका सुरात म्हणालो, "नाही सर!" सगळ्यात मोठा आवाज माझा होता. करार त्याच दिवशी वाढला.

इतके प्रवास केले, पण माणसाचं डोकं कुठे घडतं हे मला कळलं ते शेवटी त्या बैठकीत. परंड्यात चाळिसांत एक तरी उलटा निघाला होता. आमच्यात एकही नाही. पडद्यावरचं उत्तर मात्र पुसेपर्यंत तसंच राहिलं. यंत्राला साहेबांचं तोंड दिसत नव्हतं.