आबांचं नाव नसलेली पत्रिका

इंदापूरच्या कॉलेजात परवा मी ‘प्रॉमिनंट’ हा शब्द शिकवत होतो. मूळ लॅटिन. पुढे झुकलेलं, बाहेर आलेलं, एवढाच त्याचा जुना अर्थ. कड्याचं टोक, कपाळाचं हाड, पुढे आलेले दात यांनाही तो चालतो. समाजात उठून दिसणाऱ्या माणसांना तो पुष्कळ नंतर लावू लागले.

“सर, मराठीत काय म्हणायचं?” एका मुलीने विचारलं.

“मान्यवर म्हण.”

“म्हणजे लग्नाच्या पत्रिकेतले!” वर्ग हसला. मी फळा पुसायला वळलो.

माझ्या मुलीच्या पत्रिकेत असे सव्वीस मान्यवर होते. कारखान्याचे संचालक, सभापती, दोन प्राचार्य. आमच्याकडे मुलीचे आजोबा नसले की निमंत्रक म्हणून बापाच्या थोरल्या भावाचं नाव सगळ्यात वर छापतात. मी तिथे पदव्यांसकट माझं छापलं. छापखानेवाल्याने विचारलंही, “सर, थोरल्यांचं नाव न्हाय का वर?”

“खाली ‘समस्त परिवार’ आहे ना, त्यात आलं,” मी म्हणालो.

थोरला भाऊ, आमचे आबा, गावी कऱ्हाटीला असत. वडील गेले तेव्हा दोघांपैकी एकाला मेंढरांमागे कोकणात जावं लागणार होतं. ते गेले, म्हणून मी शाळेत राहिलो. पुढे मेंढरं गेली, शेती आली. अक्षर ओळखायचं मात्र त्यांचं राहूनच गेलं. त्या पट्ट्यातल्या पत्रिका वाटायचं काम मी त्यांनाच दिलं होतं.

गेल्या वर्षी आबा वारले. तिसऱ्या दिवशी वहिनींनी मला सांगितलं. सुप्याला एका पाव्हण्याने पत्रिका वाचली आणि चारचौघांत म्हणाला, “आबा, पुतनी तुमचीच हाय न्हवं? का परक्याच्या लग्नाचं वाटत फिरताय? हितं तुमचं नावच न्हाय!”

आबा म्हणाले होते, “घरच्या मानसाचं नाव कशाला? नावं पाव्हण्यांची टाकत्यात.”

“आन् मग?” मी वहिनींना विचारलं.

“मग काय? घरी आलं, निम्मी भाकर तशीच ठिवली. दुसऱ्या दिशी पुना गेलं वाटायला. पर आदी तोंडानं सांगायचं, ‘पुतनीचं लगीन हाय, मी बोलवाया आलोय.’ पत्रिका मागनं द्यायचं.”

“मला कधी बोलले नाहीत.”

“तुमास्नी काय बोलायचं, भावजी? तुमी शिकल्यालं.”

दहाव्याला पत्रिकेतले बरेच मान्यवर आले. आमच्याकडे त्या दिवशी श्रद्धांजलीची भाषणं होतात. प्रत्येकजण ‘सरांचे बंधू’ म्हणूनच आबांबद्दल बोलला. शेवटी माइक माझ्याकडे आला. समोर तो सुप्याचा पाव्हणा बसला होता, बायकांत वहिनी होत्या. पत्रिकेचं सगळं सांगून टाकायचं, असं मी ठरवून आलो होतो. मी आबांच्या कष्टांवर बोललो. चांगलं बोललो, दोघंतिघं डोळे पुसताना दिसले. वहिनी खाली बघत होत्या.

पत्रिकेचं मी आज इथे लिहितो आहे. पण ज्यांच्यासमोर ते बोलायला हवं होतं, त्यांतलं कुणी हे वाचणार नाही. वहिनींनाही वाचता येत नाही. त्यांच्यापुढे बसून हे मोठ्याने वाचून दाखवायला हवं. कऱ्हाटी काही लांब नाही. तरी अजून गेलेलो नाही.