मामांच्या चिठ्ठ्या आणि माझी एक ओळ

अहमदपूरच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळणारे, सगळ्या मुलांचे मामा. माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण त्यांचं आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी शिकलेलं नव्हतं. विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी माझ्यासोबत मामाच आले, कारण तिथं काय विचारायचं असतं हे वडिलांना ठाऊक नव्हतं.

प्रयोगशाळेतल्या प्रत्येक बाटलीला मामांनी स्वतः लिहिलेली चिठ्ठी असायची. तिच्यावर नुसतं नाव नसे. आत काय आहे, कशासाठी घ्यायचं आणि कधी घ्यायचं नाही, तेही असे. ॲसिडच्या बाटलीवर होतं, 'यात पाणी ओतू नये. हेच पाण्यात हळूहळू ओतावे. उलटे केल्यास अंगावर उडते.' अकरावीच्या सुट्टीत जुन्या चिठ्ठ्या बदलायला मी त्यांच्याजवळ बसायचो. एकदा एका चिठ्ठीवर मी फक्त नाव लिहिलं.

"एवढंच?"

"सगळ्यांना ठाऊक आहे की, मामा."

"तुला ठाऊक हाय. जे ठाऊक नसतंय ते माणूस विचारून लिहितंय. ठाऊक असतंय तेच राहून जातंय. लिही परत."

आता मी नांदेडच्या एका लहान कंपनीत आहे. आम्ही रुग्णालयांसाठी एआय एजंट बनवतो. रुग्ण फोन करतो, एजंट ऐकतो आणि हाताशी असलेल्या टूलपैकी, म्हणजे एकेक काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमपैकी, योग्य ते वापरून काम करतो. कोणतं टूल कधी वापरायचं, हे त्याला त्या टूलच्या वर्णनावरूनच कळतं. ती वर्णनं मी लिहितो.

निवृत्तीनंतर मामांच्या किडन्या गेल्या. सोमवारी आणि गुरुवारी त्यांना लातूरला डायलिसिस असे. तिथल्या फोनवर आमचाच एजंट बसला, तेव्हा मी त्यांना कौतुकानं सांगितलं.

"म्हंजे आता तुझ्याशीच बोलायचं का मी?"

"माझ्याशी नाही, मामा. मी नुसत्या चिठ्ठ्या लावतो."

"मग नीट लाव, इंजिनिअर."

एका टूलचं वर्णन मी एका ओळीत उरकलं होतं : 'रुग्णाची वेळ बदलते.' ते टूल आधी जुनी वेळ सोडून देतं आणि मग नवी शोधतं, हे मला ठाऊक होतं. ते बनवणारा माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसतो. ठाऊक होतं म्हणूनच लिहिलं नाही.

एका गुरुवारी मामांची एसटी चाकूरच्या अलीकडे बंद पडली. त्यांनी फोन करून सांगितलं, तासभर उशीर होईल. उशीर कळवण्याचं टूल वेगळं होतं; ते जागा तासभर राखून ठेवतं. एजंटनं वेळ बदलण्याचं घेतलं. मामांची जागा त्याच क्षणी सुटली आणि यादीतल्या पुढच्या रुग्णाला गेली. पुढची मोकळी वेळ निघाली थेट शनिवारची. मामा तरी पोचले, संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिले आणि परत गेले. शुक्रवारी त्यांना दम लागला. पुन्हा लातूरलाच नेऊन दाखल केलं.

शनिवारी ऑफिसात मी त्या फोनची नोंद उघडली. चूक शोधायला फार वेळ लागला नाही. माझीच ओळ होती.

रविवारी भेटायला गेलो. नाकाला नळी होती, तरी मामा बोलत होते. मामी पायाशी बसल्या होत्या.

"यंत्राचं काय चुकलं न्हाई," ते म्हणाले. "पहिली एसटी मीच सोडली. च्या प्यायला थांबलो."

"सारखं तेच बोलून राहिलेत," मामी मला म्हणाल्या. "त्या च्याला शिव्या देऊन राहिलेत."

मी उशी सरळ केली. पाणी दिलं. माझ्या ओळीचं न सांगताच निघालो.

नांदेडला परत आलो आणि पत्र लिहिलं. ते पोचलं त्यानंतर नऊ दिवस मामा होते. हृदय आधीच थकलेलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मामींनी त्यांना पत्र वाचून दाखवलं का, हे मला अजून विचारता आलेलं नाही. पत्र असं होतं :

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार.

काल तुमच्याजवळ बसलो होतो, तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं नाही. तुमची वेळ गेली ती माझ्या ओळीमुळे. मी बाटलीवर फक्त नाव लिहिलं होतं.

आज ती ओळ बदलली. आता तिथं असं आहे : 'रुग्णाची वेळ बदलते. आधी जुनी वेळ सोडते, मग नवी शोधते. नवी लवकरची मिळेलच असे नाही आणि सोडलेली परत मिळत नाही. रुग्ण वाटेत असेल व फक्त उशीर होणार असेल तर हे वापरू नये. उशीर कळवण्याचे टूल वापरावे. डायलिसिसच्या रुग्णासाठी माणसाला विचारल्याशिवाय वापरू नये.'

वाचून बघा. काही राहिलं असेल तर मामींकडून कळवा, मी परत लिहीन.

तुम्ही दुसऱ्या एसटीनं निघूनही वेळेत पोचला असता. एसटी बंद पडली तरी तुमची जागा तासभर राहिली असती. ती मी राहू दिली नाही. चहाचं तेवढं मनातून काढून टाका.