थांबून पुढे गेलेली तैमी

उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात, कायनूच्या जंगलातल्या एका गावात तैमी आणि ओइली या जुळ्या बहिणी कुणाला वेगळ्या ओळखता येत नसत. सहाव्या वर्षी तैमीला मधुमेह झाला आणि ओळखणं सोपं झालं. जिच्या दप्तरात इन्शुलिन, ती तैमी.

"आईनं गोड पाव चारले म्हणून!" हिल्याआजीनं निकाल देऊन टाकला. आजीचा निकाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"ते पाव मीही खाल्लेत, आजी. हिच्यापेक्षा जास्तच," ओइली म्हणाली.

तरी आजीचं तोंड काही बंद झालं नाही. शेवटी डॉक्टरांनी समजावलं. दोघींना आईबापाकडून आलेली जनुकं तीच, धोका दोघींनाही. पण तैमीच्या शरीरातल्या राखणदार पेशी बिथरल्या, का ते देव जाणे. घरच्यांनाच चोर समजून त्यांनी स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या. यात ना पावाचा दोष, ना आईचा.

एकोणिसाव्या वर्षी घोळ मात्र तैमीनंच घातला. शनिवारी मांडीत इंजेक्शन घेतलं आणि तशीच तापल्या सौनात, म्हणजे वाफेच्या लाकडी खोलीत, जाऊन बसली. उष्णतेनं इन्शुलिन भराभर रक्तात उतरलं, साखर घसरली आणि बाईसाहेब बाकावरून खाली. आजीनं तैमीच्या स्की, बर्फावर घसरायच्या त्या लांब पट्ट्या, कोठारात टाकून कुलूप घातलं.

"मार्चच्या स्कीच्या शर्यतीत उतरू दे ना, आजी. एकदाच."

"वाटेत डगमगून थांबलीस तर कायमचं कुलूप. कळलं का गं?"

शर्यतीत तैमी बरीच पुढे होती. शेवटच्या चढापाशी साखर पुन्हा घसरतेय हे तिला कळलं. स्पर्धकांसाठी वाटेत मांडलेल्या सूपच्या टेबलाशी आजीच उभी होती. थांबावं तर स्की जाणार, न थांबावं तर बर्फात कोसळणार. तिला रडू आलं, रागही आला. तरी ती थांबली, आजीच्या डोळ्यांदेखत. ब्लूबेरीचं कोमट, गोड सूप प्यायली आणि बसून राहिली. शर्यतीत मागे असलेली ओइली सर्रकन पुढे निघून गेली.

"झालं?" आजीनं विचारलं.

"नाही. साखर वर येऊ दे, मग बघ."

मग काय सुटली ती! शेवटच्या उतारावर ओइलीला गाठलं आणि स्कीच्या टोकाएवढ्या अंतरानं हरवलं.

आजी बर्फ तुडवत खाली आली. चर्चचे बिशप आले तरी आवाज न चढवणारी ही बाई साऱ्या गावादेखत ओरडली, "अरे, बघा! आमची पोरगी थांबून जिंकली!"